पाडण्याचा क्रम

गेल्या वर्षी आम्ही लायडनमधल्या आमच्या घराच्या मागच्या छपरावर डाक्कापेल बसवून घेतलं. उतरत्या कौलारू छपरातून पेटीसारखी बाहेर काढलेली ही खिडकी इथे घरोघरी दिसते. तिच्यामुळे माळ्यावर सरळ उभं राहता येतं, एक खोली वाढते. पेटी कारखान्यातून तयार होऊनच येते. सकाळी आठला क्रेन आली आणि दुपारी चारला कामगार आपापले कॉफीचे कप विसळून निघूनही गेले. मागच्या बाजूला असली आणि मापात बसत असली तर परवानासुद्धा लागत नाही. मुलीला स्वतःची खोली मिळाली म्हणून मी खुशीत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवत फिरले.

माझ्या समोरच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याने फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. "परवाना?" त्याने विचारलं.

"लागतच नाही," मी म्हटलं आणि वर हसले.

"छान," म्हणून त्याने फोन परत दिला. त्याच्या वडिलांच्या दारावर चिकटवलेली, बांधकाम पाडण्याची नोटीस तेव्हा नऊ दिवसांची झाली होती. हे मला नंतर कळलं. ते हसणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आमची कंपनी इमारतींची ताकद मोजून देते. माझं काम जुन्या बांधकामाचं: चर्चच्या कमानी, कालव्याकाठची तळघरं, दोन-तीनशे वर्षांच्या भिंती. त्याचं काम जमिनीखालचं, पाया आणि पाइल, म्हणजे जमिनीत खोल ठोकायचे खांब. हा अख्खा देश चिखलावर उभा असल्यामुळे त्याला कामाची ददात नाही. तो जेरुसलेमचा पॅलेस्टिनी. एनस्खेडेला शिकायला आला आणि माझ्यासारखाच इथेच राहिला. आम्ही एकमेकांशी इंग्रजीत बोलतो. शहराचं नाव तेवढं तो आपल्या भाषेत घेतो, अल-कुद्स.

जेवणाच्या सुट्टीत इथली माणसं चीज घातलेला ब्रेड दहा मिनिटांत संपवतात आणि उरलेला वेळ गटागटाने चालायला जातात, पाऊस असो की वारा. आम्ही दोघं सावकाश जेवणारे, म्हणून मागे राहायचो. माझी पोळीभाजी, त्याचा ब्रेड, ऑलिव्हचं तेल आणि आईने पाठवलेला झातर. हिरवट, आंबूस, तीळ घातलेला झातर म्हणजे आपली चटणी आणि मेतकूट यांच्या मधलं काहीतरी. महिन्याभरात मी तो पोळीला लावून खायला लागले.

त्या सुट्ट्यांमध्ये त्याने मला बोलता बोलता वडिलांचं घर दाखवलं. राजकारण तो बोलत नसे, घराबद्दलच बोलायचा. जुन्या शहराच्या तटाखाली उतारावर एक गल्ली आहे, तिच्यात हे घर. खालच्या दोन खोल्या पणजोबांच्या वेळच्या. चार कोपऱ्यांतून दगडी कमानी उठतात आणि मधोमध एकमेकींत मिसळतात. त्या छतात ना लाकूड, ना लोखंड. भिंती दोन हात जाड. त्या छताची गंमत अशी की एका कोपऱ्यात कुजबुजलं तर समोरच्या कोपऱ्यात स्पष्ट ऐकू येतं. लहानपणी तो आणि त्याचा मोठा भाऊ झोपेचं सोंग घेऊन एका कोपऱ्यात पडायचे आणि समोरच्या कोपऱ्यात आईवडील काय बोलतात ते ऐकायचे. कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाची नोकरी गेली, कोण अमेरिकेला निघून गेलं आणि आता परत येऊ शकणार नाही. गल्लीच्या सगळ्या बातम्या त्या भावांना छताने सांगितल्या.

वडील दगड घडवायचे. त्या शहरात इमारतीला बाहेरून तिथलाच पांढुरका दगड लावायचा, असा जुना नियम आहे. त्यामुळे इमारत कुणाचीही असो, तिच्या दगडाला हात बऱ्याचदा त्यांच्यासारख्यांचे लागलेले. म्हातारपणी गुडघे गेले तरी रस्त्याने जाताना ते भिंतींवरून बोटं फिरवतात आणि छिन्नीच्या खुणांवरून दगड कुणी घडवला ते सांगतात. हा माझा, हा माझ्या चुलतभावाचा, हा त्या आळशाचा, बघ कसे उरकलेत घाव. मुलगा सुट्टीत गेला की बापलेक असे तास तास फिरतात. ते शहर कुणाचं यावर जगभरची माणसं बैठका घेतात. या म्हाताऱ्याला त्याच्या भिंती बोटांनी पाठ आहेत, आणि त्या बैठकांना त्याला कधी कुणी बोलावलेलं नाही.

वरची खोली वडिलांनीच बांधली, मोठ्या मुलाच्या लग्नाच्या वेळी. सिमेंटचे ब्लॉक, वर स्लॅब, खिडक्यांच्या तळाशी मात्र स्वतः घडवलेले दगडी उंबरे. परवाना नव्हता आणि मिळणारही नव्हता. "नकाशात आमची गल्ली हिरव्या रंगात आहे," त्याने मला एकदा सांगितलं. "बाग म्हणून. आम्ही सगळे बागेत राहतो." हे सांगताना तो ब्रेडला तेल लावत होता.

नोटीस आल्याचं त्याने सांगितलं तेव्हा मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "अरे, मग नियमित करून घ्या ना!"

मी पुण्याची. आमच्याकडे बेकायदा बांधकाम ही कायमची अवस्था नसते, मधली असते. आधी खोली चढवायची, मग नोटीस येते, मग ओळखीचा आर्किटेक्ट गाठायचा, आहे तसं ड्रॉइंग करून घ्यायचं आणि दंड भरून टाकायचा. एवढ्यावर नाही भागलं तर निवडणुकीच्या तोंडावर एखादी योजना येतेच. माझ्या मामांचा अख्खा वरचा मजला असा पावन झालेला आहे. गच्चीवर पत्रे टाकताना आम्ही कुणाला भीत नाही, कारण पाडापाडी ही पेपरात वाचायची गोष्ट असते.

"तिथे तसं होत नाही," तो म्हणाला.

"सगळ्यांना असंच वाटतं. आधी ड्रॉइंग तर होऊ दे."

मी त्याच्या मागेच लागले. त्याच्या भावाने मापं घेऊन पाठवली आणि मी सुट्टीच्या दिवशी बसून सगळं घर काढलं. अर्धवट ड्रॉइंग म्हणजे खोटं ड्रॉइंग, असं मी ज्युनिअर मुलांना नेहमी ऐकवते. म्हणून मी खालच्या कमानी काढल्या, जिना काढला, वरची खोली काढली आणि अंगणातलं छोटं बाथरूमही काढलं. वडिलांना जुन्या संडासाच्या पायऱ्या उतरवेनात, म्हणून पाच वर्षांपूर्वी खोलीला लागून ते बांधलं होतं. धरायला दांडा होता, मी तोही दाखवला. तिथल्या वकिलांनी दोनदा विचारलं, एवढं सगळं दाखवायलाच हवं का. मी दोनदा कळवलं, हो. कागद पूर्ण असला की माणसं विश्वास ठेवतात, असंही वर लिहिलं. केवढी मी शहाणी!

अर्ज फेटाळला गेला. तीन आठवड्यांनी पालिकेच्या कचेरीचा माणूस माझंच ड्रॉइंग हातात धरून अंगणात उभा राहिला आणि त्याने बाथरूम मोजलं. नव्या नोटिशीत पाडायच्या दोन गोष्टी होत्या, वरची खोली आणि बाथरूम. तोवर त्या बाथरूमची कुणाला खबरही नव्हती. ती मी दिली होती, मापांसकट.

त्याने हे मला जेवताना सांगितलं, शांतपणे. "वडील म्हणाले, ड्रॉइंग फार सुंदर आहे. मापं एका सेंटिमीटरनेही चुकलेली नाहीत."

"तू माझ्यावर ओरडत का नाहीस?" मीच ओरडले. चालायला निघालेले दोघेतिघे दारात थबकले.

"ओरडून काय होणार आहे?"

"मला बरं वाटेल!"

"तुला बरं वाटावं म्हणून मी ओरडू?" तो म्हणाला. तेवढं एकच वाक्य त्याने मला लागेल असं म्हटलं, आणि ते मला अजून लागतं.

ठरलेल्या तारखेपर्यंत घरच्यांनी स्वतः पाडलं नाही तर मशीन येणार होतं. मशीन आलं की त्याचा खर्चही घरच्यांच्या माथी बसतो आणि मशीन खालचं-वरचं बघत नाही. म्हणून तिथली माणसं स्वतःची घरं स्वतःच्या हातांनी पाडतात. माझा विश्वास बसेना. त्याने मला त्याच गल्लीतला एक व्हिडिओ दाखवला. एक मध्यमवयीन माणूस आपल्याच स्वयंपाकघराच्या भिंतीवर घण घालत होता आणि त्याची बायको बाजूला उभी राहून ओट्यावरचे डबे एकेक करून बाहेर नेत होती. तिने झाकणं घट्ट लावून घेतली होती, आत धूळ जाऊ नये म्हणून. मी व्हिडिओ अर्ध्यात बंद केला. पुण्यात आईला फोन केला आणि तिच्यावरच उगाच चिडले.

खरा प्रश्न खालच्या कमानींचा होता. दगडी कमान बाहेरच्या बाजूला सतत रेटा देत असते आणि तो रेटा भिंती आपल्या वजनाने अडवतात. गेली वीस-बावीस वर्षं वरच्या खोलीचं ओझं त्या भिंतींवर होतं, सगळं घर त्या ओझ्यासकट स्थिरावलं होतं. ते एका बाजूने घाईघाईत काढलं तर कमान मोकळी होणार, फाकणार, आणि पणजोबांच्या वेळचं छत खाली येणार. वडील त्याच खोलीत जन्मले होते आणि त्याच खोलीत झोपत होते. वरचं जाणार हे आता ठरलेलंच होतं. खालचं राहतंय की तेही जातंय, एवढाच प्रश्न उरला होता आणि त्याचं उत्तर पाडण्याच्या क्रमावर अवलंबून होतं.

"मी तीनदा बसलो," तो म्हणाला. "माझ्याच्याने होत नाही. आकडा आला की वाटतं चुकला. तू करशील?"

"मी पाडायचं ड्रॉइंग करणार नाही," मी म्हटलं. "जे लोक हे करायला लावतात त्यांनी करावं. आपण का त्यांची हमाली करायची? त्यांना मशीन आणू दे, सगळ्या जगासमोर पाडू दे!"

"जग बघतंच आहे," तो म्हणाला. "छत वडिलांच्या डोक्यावर आहे."

मी कागद घेतला.

ऑफिसचं कमानींचं सॉफ्टवेअर वापरायचं तर साहेबांना विचारणं भाग होतं. आमचे साहेब डच, अतिशय सज्जन, सायकलवरून येतात, कुणाचा वाढदिवस विसरत नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "भयंकर आहे. पण विषय गुंतागुंतीचा आहे, नाही का? दोन्ही बाजूंना वेदना आहेत. सॉफ्टवेअर तू संध्याकाळी वापर, माझी हरकत नाही. फक्त कागदावर आपल्या कंपनीच्या नावाची चौकट नको. आपण तटस्थ आहोत."

"मी छताचं वजन मोजतेय," मी म्हटलं. "त्यात बाजू कुठली?"

ते अवघडून हसले आणि घड्याळ पाहिलं. त्यांना वारसा समितीच्या बैठकीला जायचं होतं. आमच्या एका प्रकल्पात दोनशे वर्षांच्या घराच्या खिडकीला कुठला हिरवा रंग द्यायचा यावर चार महिने वाद चालला होता आणि तज्ज्ञ जुन्या रंगाचे पापुद्रे सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. मी स्वतः त्या कामावर होते आणि आदल्या महिन्यापर्यंत मला त्याचा अभिमानही होता. त्या दिवशी बैठकीत रंगांचे नमुने हातोहात फिरत असताना ते सगळे खिडकीबाहेर भिरकावून द्यावेत, असं मला वाटत होतं. मी ते पुढच्या माणसाकडे सरकवले.

आमची माणसं तरी वेगळी असतील असं कुणाला वाटत असेल तर सांगते. त्याच शनिवारी आमच्या मराठी मंडळाची बैठक होती. चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, अगं, एवढी ओढलेली का दिसतेस? मी सांगून टाकलं. मंडळात एक गृहस्थ आहेत, वयाने मोठे म्हणून सगळे त्यांना काका म्हणतात. मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, फेल्डहोवनला मुलाकडे राहतात. ते हसत म्हणाले, "हे बघ, इल्लीगल बांधलं तर पाडणारच. सिम्पल आहे. आपल्याकडे पण आता बुलडोझरशिवाय काही लोकांना कळत नाही." आणि दोनचार जण हसलेही.

तळपायाची आग मस्तकात गेली. "काका, तुमच्या बालेवाडीच्या फ्लॅटची टेरेस तुम्ही काचा लावून बंद केलीत ना? तिथे तर तुम्ही बेडरूम काढलीय."

"अगं, ते वेगळं. सोसायटीत सगळ्यांनीच केलंय."

"परमिशन घेतली होती?"

"तू विषय कुठल्या कुठे नेतेस."

"मी कुठेच नेत नाहीये! तुम्ही नेलात बुलडोझरपर्यंत. उद्या पहाटे तुमच्या टेरेसखाली आणून उभा केला, आणि हातात घण देऊन म्हटलं, काका, तुम्हीच पाडा, नाहीतर आम्ही अख्खा फ्लॅट पाडू, तर हसाल का असेच?"

नवऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे ना, कशाला वाढवतेस." परत येताना गाडीत तो म्हणाला की मुद्दा बरोबर होता, पण चारचौघांत त्या वयाच्या माणसाला असं बोलायला नको होतं. मी म्हटलं, चारचौघांत त्या वयाच्या माणसाचं घर पाडतायत, त्याला कुणी काही बोलत नाही. मागच्या सीटवरून मुलीने डचमध्ये विचारलं, कुणाचं घर पाडतायत? आम्ही दोघंही गप्प बसलो आणि मला आमच्या दोघांचा सारखाच राग आला.

क्रम तयार झाला. चौसष्ट टप्पे होते. आधी खालच्या खोल्यांत लाकडी टेकू. मग स्लॅब, हाताने, लहान तुकड्यांत, मधून कडेकडे. मग भिंती, समोरासमोरच्या दोन्ही बाजूंनी एकेक थर, पूर्वेचा एक काढला की पश्चिमेचा एक. यंत्राचा ब्रेकर अजिबात नाही, हादरा नको. राडारोडा छतावर साठवायचा नाही, दर तासाला खाली उतरवायचा. कमानीच्या जुन्या भेगांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या. पट्टी फाटली तर काम थांबवायचं आणि मला फोन करायचा. शेवटचा, चौसष्टावा टप्पा बाथरूम. खाली कंपनीची चौकट नव्हती. मी माझ्या अक्षरात तारीख घातली.

वडिलांना मी पहिल्यांदा त्यानंतर व्हिडिओवर पाहिलं. बारीक चणीचा माणूस, डोक्यावर लोकरी टोपी, मांडीवर माझा कागद. सहकारी आमच्या मधे दुभाषा म्हणून बसला. "ते विचारतायत, वरच्या भिंती पार मुळापर्यंत का काढायच्या? कठड्याएवढी उंची ठेवायला मनाई नाही. आणि त्यावर माझे खिडकीचे दगड चुन्यात बसवतो. कमानींच्या खांद्यावर थोडं वजन राहू दे. सवय आहे त्यांना वजनाची."

मी त्या ठिकाणी वजनासाठी वाळूच्या पिशव्या ठेवायला सांगितल्या होत्या. त्यांचं बरोबर होतं, माझ्यापेक्षा कितीतरी बरोबर. मी तिथल्या तिथे टप्पे बदलले. मग मी त्याला म्हटलं, त्यांना सांग की बाथरूमसाठी माफी मागते. त्याने सांगितलं. वडील कागदावर बोट ठेवून काहीतरी बोलले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, एकोणिसाव्या टप्प्यात जिन्याकडची भिंत आधी की खिडकीकडची?"

काम नऊ दिवस चाललं. मोठा भाऊ, चुलतभाऊ आणि वडील. माझा सहकारी गेला नाही. त्याच्या तिकडच्या राहण्याच्या हक्काचीच तपासणी चालू होती. इतकी वर्षं बाहेर राहिलास तर तुझं आयुष्य इथे आहे कशावरून, असं ज्या शहरात तो जन्मला तेच शहर त्याला विचारत होतं. नको त्या वेळी विमानतळावर चौकशी झाली तर तिथल्या रहिवासाचं कार्डच जाईल, अशी भीती वकिलांनी घातली होती. मी उद्या ठरवलं तर पुण्यात उतरून रिक्षाने घरी जाऊ शकते, याचा मला त्या आठवड्यात पहिल्यांदा विचार करावा लागला. तर तो इथे बसून पाइल मोजत होता आणि दर जेवणाच्या सुट्टीत भावाने पाठवलेले फोटो आम्ही बघत होतो. ब्लॉकांवर खडूने माझे आकडे लिहिलेले. रोज आकडे कमी, आभाळ जास्त. एका फोटोत वडील खिडकीचा उंबरा सुटा करत होते, खाली मऊ गोधडी अंथरलेली.

पाचव्या दिवशी त्याचा वाढदिवस आला. इथल्या पद्धतीप्रमाणे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा असतो, आणि आजूबाजूची माणसं त्यालाच काय, एकमेकांनाही अभिनंदन म्हणतात. तो सफरचंदाचा मोठा केक घेऊन आला. सगळे रांगेत आले, हात मिळवले, साहेबांनी त्याला सुट्टीचे बेत विचारले. तो म्हणाला, अजून काही ठरलं नाही. कोपऱ्यात त्याचा फोन पुन्हा पुन्हा उजळत होता, फोटो येत होते, एकतिसावा टप्पा, बत्तिसावा. मी केकची बशी हातात धरून उभी होते आणि त्या प्रत्येकाचा मला संताप येत होता, अगदी त्याचाही. त्याने केक आणलाच का? घरी का राहिला नाही? मग मी बशीतला केक संपवला, कारण तो त्याने आणला होता.

नवव्या दिवशी कचेरीचा माणूस आला, फोटो काढले, सही करून गेला. कागदाची एकही पट्टी फाटली नव्हती. कमानी जिथल्या तिथे होत्या. भावाने एका कोपऱ्यातून कुजबुजून पाहिलं, समोर आईला ऐकू गेलं. आता वडील जुन्या संडासाला मुलाच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरून जातात, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, मधे पाणी कमी पितात. हे मला त्याने सांगितलं नव्हतं. मी विचारून विचारून काढून घेतलं.

त्यानंतरच्या सोमवारी तो डबा उघडत म्हणाला, "वडिलांनी तुझे आभार मानलेत."

"नकोत मला."

"म्हणाले, इतकं नीट काम त्यांनी फार वर्षांत पाहिलं नाही."

"कसलं काम?" माझा आवाज चढला आणि या वेळी मी तो उतरवला नाही. "पंधरा वर्षं मी छतं वाचवायला शिकले. आणि माझं सगळ्यात नीट काम काय, तर एका म्हाताऱ्याला त्याची खोली स्वतःच्या हाताने कशी पाडायची ते आकडे घालून समजावलं! ज्यांनी हे करायला लावलं त्यांचा एक दगड हलला नाही. त्यांना मशीनसुद्धा आणावं लागलं नाही. त्यांचं काम आपण केलं, फुकट, व्यवस्थित, एक तडा न जाऊ देता. आणि वर आभार!"

माझं बोलून होईपर्यंत त्याने ब्रेड तोडलादेखील नाही. मग म्हणाला, "अजून एक गोष्ट आहे. शेजाऱ्यांना नोटीस आली आहे. त्यांचंही खाली कमानीचं छत आहे. वडिलांनी त्यांना तुझा कागद दाखवला. ते विचारतायत, त्यांच्यासाठी एक करून देशील का?"

खिडकीबाहेर आमची माणसं फेरी संपवून कालव्याकाठाने परत येत होती. नाही म्हणायचं, असं मी मनात ठरवलंही होतं. मग त्या न पाहिलेल्या छताखाली कोण झोपत असेल, असा विचार आला आणि माझा मलाच राग आला, कारण मी पेन्सिल शोधायला लागले होते.

"भिंत किती जाडीची आहे?" मी विचारलं.

तो फोनमध्ये गल्लीतून आलेले निरोप बघत राहिला. खाली, अजून खाली, बोट सरकत होतं.

"कोणत्या घराची?" त्याने विचारलं.